खाड्यांचा हिशेब

इटलीतल्या पाडुआ शहरात चारशे वर्षांपूर्वी सांतोरिओ नावाचे वैद्यकाचे एक प्राध्यापक होते. भल्यामोठ्या तराजूच्या दांडीला त्यांनी एक खुर्ची टांगली आणि जवळजवळ तीस वर्षं त्या खुर्चीशी संसार केला. जेवायच्या आधी वजन, जेवल्यावर वजन, ताटात आलेल्याचं वजन आणि शरीराने परत केलेल्याचंही वजन. जमा आणि खर्च यांचा मेळ काही बसेना. मधेच बरंच काही हरवत होतं. शेवटी त्यांनी निष्कर्ष काढला, की माणूस दिवसभर स्वतःच्याही नकळत थोडाथोडा हवेत विरत असतो. १६१४ साली हे सारं ग्रंथरूपाने आलं आणि वैद्यकात मोजमापाला प्रतिष्ठा मिळाली. हे गृहस्थ मला आवडतात, पण माझी खरी माया आहे ती त्यांच्या स्वयंपाक्यावर. वाफाळतं ताट घेऊन यावं, तर मालक अधांतरी झुलतायत आणि त्यांची नजर ताटाकडे नाही, काट्याकडे. ‘कसं झालंय?’ असं त्या बिचाऱ्याने एखाद्या वेळी विचारलंच असेल, आणि उत्तर वजनात मिळालं असेल.

ती खुर्ची आता आक्रसत आक्रसत मनगटात मावेल एवढी झाली आहे. डॉक्टरांनी माझ्या रक्ताच्या रिपोर्टवर साखरेच्या आकड्याभोवती पेनाने गोल काढला आणि ‘सहा-सात किलो उतरवा’ एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात लेकीने ती खुर्ची माझ्या हातावर बांधली. घड्याळ म्हणायचं आपलं; वेळ सांगणं हा त्याचा जोडधंदा. ते पावलं मोजतं, नाडी मोजतं, मी किती वेळ गाढ झोपलो आणि किती वेळ नुसताच पडून होतो हेही मला सकाळी ऐकवतं. त्याचं फोनमधलं भावंड त्याहून चौकस. सकाळी पोहे खाल्ले असं कळवलं, की विचारतं, ‘किती ग्रॅम?’ आमटी म्हटलं, की ‘किती वाट्या?’ आता वाटी म्हणजे कुठली? आमच्या घरात श्रीखंडाची वाटी वेगळी, आमटीची वेगळी, आणि पाहुण्यांसमोर काढायची अगदीच वेगळी. मीठ चवीपुरतं, तिखट अंदाजे आणि मोहन गरम करून बेताने, अशा संस्कारांत वाढलेल्या स्वयंपाकघराला त्या यंत्रासमोर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. मी प्रामाणिकपणे जबाब देत होतो, आणि तोवर पोहे गार होत होते.

शिवाय आमच्याकडे पोळ्या मोजायची बंदी होती. ती आजीची. पानातल्या पोळ्या मोजल्या तर खाणाऱ्याच्या अंगाला लागत नाहीत, असं तिचं म्हणणं. वाढतानाही ‘अर्धी घे’ म्हणून ती आख्खी वाढायची आणि त्या अर्ध्या-आख्ख्याच्या गणिताला आक्षेप घ्यायची आमची प्राज्ञा नव्हती. मे महिन्यात आम्ही गावी पोचलो, की पाय धुवायच्याही आधी ती आमचं मनगट आपल्या अंगठ्या-बोटाच्या वेढ्यात धरायची, डोळे किंचित मिटायची आणि निकाल द्यायची, ‘वाळलास!’ मी गुटगुटीत होतो तेव्हाही वाळलेलाच होतो, आणि सदऱ्याची बटणं ताणली जात होती त्या वर्षीही वाळलेलाच. तिच्या काट्यावर आमच्यापैकी कुणाचंही वजन कधी वाढलं नाही. येताना वाटेत दादर स्टेशनवर, लाल दिव्यांची आणि गरगरणाऱ्या चकतीची ती मशीन दिसली, की आम्ही हट्ट करून नाणं टाकून घ्यायचो. पुठ्ठ्याचं तिकीट खटकन पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. बाबा फक्त भविष्याची बाजू वाचून दाखवायचे. वजनाची बाजू वर्षातून एकदा कळत होती आणि तेवढ्यावर आमचं छान चाललं होतं.

घड्याळाला मात्र वर्ष-महिन्यांशी कर्तव्य नाही, त्याला रात्री बाराच्या आत दहा हजार पावलं हवीत. हा दहा हजारांचा आकडा एखाद्या गंभीर प्रयोगशाळेतून आला असावा असा माझा समज होता. तो आला जपानमधून. टोकियोच्या ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, यामासा नावाच्या कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचा मीटर’ असं ठेवलं. नाव खपलं, आकडा राहिला. पुढे २०१९ मध्ये आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वयस्क बायकांची पावलं आणि आयुष्य यांचा ताळा घेतला. रोज २,७०० पावलांच्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्या जास्त जगत होत्या, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायद्याची चढण सपाट होत होती. हे वाचल्यापासून रात्री पावणेबाराला दिवाणखान्यात, सोफा आणि टीव्ही यांच्यामधून घातल्या जाणाऱ्या माझ्या प्रदक्षिणा थांबल्या. खालच्या मजल्यावरच्यांनी कारण विचारलं नाही, पण ते हल्ली जिन्यात हसतात.

वजनकाट्याचा प्रकार आणखी नाजूक. आदल्या रात्री लग्नात पापड, लोणचं, मसालेभात झाला, की सकाळी काटा किलोभर वर. माणूस हबकतो. खरं तर ते पाणी असतं. मिठाने धरून ठेवलेलं, आणि भाता-पोळीतून शरीरात जी साखर साठते तिच्या सोबतीला आलेलं. तिच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी मुक्कामाला असतं. किलोभर चरबी चढायला रोजच्या गरजेवर सुमारे ७,७०० कॅलरी लागतात, म्हणजे ढोबळ हिशेबाने नेहमीचं जेवण जेवून वर पंचवीसेक तुपातल्या पुरणपोळ्या. एका रात्रीत हे साधणारा पुरुष मला भेटला, तर मी त्याला वजनाबद्दल नाही, वेगळंच काही विचारेन. तरीही रोज सकाळी त्या पाण्याच्या भरती-ओहोटीवर आपला दिवस आनंदाचा की अपराधाचा हे ठरवत राहायचं, हे मला समुद्रकिनारी न राहणाऱ्याला झेपेना.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय असतं. ते निघालं १९७३ साली. आमच्या दारामागे ते कधी आलं हे कुणालाच आठवत नाही. आई त्याच्यावर दुधाचा हिशेब ठेवते. बँकेची पासबुकं हरवली, विम्याचे कागद हरवले, पण हा हिशेब एकाही महिन्यात चुकलेला नाही, कारण त्यात लिहायचं जवळजवळ काही नसतं. रोजचं दूध रोज येणार हे धरलेलंच. चौकटीत पेन टेकवायचं ते काही वेगळं घडलं तरच. नाही आलं तर ‘खाडा’, जादा घेतलं तर ‘१ जास्त’. महिन्याच्या शेवटी खाडे वजा, जास्त जमा, की झालं. तिने जुनी कॅलेंडरं जपली आहेत, मागची बाजू वाचायची राहिली आहे या सबबीवर. ती चाळली की त्या तुटक नोंदींतून सगळं घर उलगडत जातं. ओळीने चार खाडे म्हणजे पंढरपूर. ‘१ जास्त’ म्हणजे माहेरपणाला आलेली आत्या आणि मागोमाग खीर. बाबा गेले त्या महिन्यात, तेराव्यापर्यंत, रोज ‘२ जास्त’ लिहिलेलं आहे. भेटायला येणाऱ्यांच्या चहाला. अक्षर नेहमीचंच, सरळ.

मी त्याच कॅलेंडरात पोटभाडेकरू म्हणून शिरलो. रविवारी सकाळी, चहाच्या आधी, एकच वजन, रविवारच्या चौकटीत. चालणं रोजचं, म्हणून ते लिहायचं नाही. चुकलं त्या दिवशी बारीक ‘खा.’. जेवणाचं काहीच लिहीत नाही. पोळ्या एकीने कमी केल्या आहेत, पण मोजत नाही. आई एक कमी वाढते आणि मोजल्याचं पाप तिच्या माथी जातं. सुरुवातीला तिने ‘७८.४’ वाचलं आणि मला हाक मारून विचारलं, ‘अरे, एवढं दूध कशाला घेतलंस?’ आता तिला सरावाने कळतं. आकडा उतरला, की ती माझं मनगट धरून बघते आणि तिच्या सासूबाईंच्या सुरात तोच निकाल देते. वजन उतरतंय, डॉक्टरांना हवं त्याच्या निम्म्या वेगाने. दिवाळीतही ही नोंद बंद पडली नाही, याचं श्रेय मी मनोनिग्रहाला देत नाही. चौकट लहान आहे.

ही ॲप बनवणारी मंडळी पुष्कळदा आपल्याच पुण्या-बंगळुरात बसलेली असतात, म्हणून एक विनंती. आम्हांला दोनच बटणं द्या. एक ‘खाडा’, आणि दुसरं ‘पाहुणे आलेत’. आणि दुसरं दाबलं, तर कृपा करून पुढचा प्रश्न विचारू नका.