श्रावणात नका, मेमध्ये या

पुण्यातल्या आमच्या एका स्नेह्यांना गावी जाऊन राहायचंय. गाव जालना जिल्ह्यातल्या मंठा तालुक्यातलं. सातबाऱ्यावर नाव आहे, कंपनीने घरून काम करायची मुभा दिलीय, आणि मोबाइलमध्ये श्रावणात काढलेले शेताचे अठरा फोटो आहेत. सगळे हिरवेगार. निर्णय झाल्यातच जमा!

'जालना सोने का पालना' हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं. पाळणा सोन्याचा असेलही, पण त्यातलं पोर मोठं झालं की पुण्याची गाडी धरतं. ही रीत जुनीच. इथल्याच जांबचा बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर 'सावधान' ऐकून पळाला, तो नाशकात जाऊन पुढे समर्थ रामदास झाला, असं सांगतात. आताच्या पोराला बोहल्यावर चढण्यासाठीच पळावं लागतं. मुलीकडच्यांना जमीन दहा एकर हवी असते, पण जावई पुण्यात.

"आता समृद्धी महामार्ग आहे ना," स्नेही म्हणतात. आहे. जिल्ह्यातून जातो. जातोच. ३० डिसेंबर २०२३ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. तीही आता नांदेडहून सुटते. जालन्याहून गावाकडे कोणती बस जाते, हे मात्र त्यांना सांगता आलं नाही.

दिवाळी उलटल्यावर मी त्यांच्याबरोबर गावी गेलो होतो. अर्धा गाव ऊसतोडीला गेलेला. ओळीने कुलपं. एका कडीला मुळीच कुलूप नव्हतं, चिंधी बांधलेली. ओट्यावरच्या म्हातारीने स्नेह्यांना खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "काहून आला रे बाबा? काढलं का कामावून?" गावाकडे परतणं हा पुण्यात विचार असतो, गावात तो संशय असतो.

आणि पाणी. २०१२-१३च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागांचं सरपण झालं. पुढे त्याच मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं; झाड जगवायचं कसं, ते मानांकनात लिहिलेलं नसतं. ते शिकायचं तर जिल्ह्यातल्याच कडवंचीला जावं. तिथल्या लोकांनी १९९६पासून पाणलोटाची कामं केली, शेततळी खोदली, द्राक्षं पिकवली. फोटो नंतर काढले.

म्हणून स्नेह्यांना एवढंच सांगितलं: फ्लॅट विकू नका. मेमध्ये आठ दिवस गावी राहा. टँकर विहिरीत रिकामा होताना पोहरा घेऊन काठावर उभे राहा, दुपारी लाइट गेल्यावर लॅपटॉप उघडा, रात्री पोराला ताप आला तर कुठे न्यायचं ते विचारून ठेवा. मग ठरवा.

पटलं त्यांना. मेचं तिकीट काढलंय. परतीचंही.