बॅटरी धर

“बॅटरी आण रे,” अशी हाक तळमजल्यावरून आली की ती मलाच आहे, हे चाळीतल्या मांजरांनाही ठाऊक असतं. मी ५६ वर्षांचा आहे. बँकेत माझी सही झाल्याशिवाय कर्जाची फाईल हलत नाही. पण तळमजल्यावरच्या तात्यांच्या लेखी मी १९८२ साली होतो तोच आहे, सहावीतला, बॅटरी धरणारा.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली, त्यांत आमच्या लालबागच्या चाळीतले निम्मे बाप्ये होते आणि तात्याही होते. तात्या गिरणीत फिटर. “डॉक्टर सामंत आहेत, महिन्याभरात भोंगा वाजतो बघ,” असं सांगून ते वाट बघायला बसले. पण रिकाम्या हाताचा फिटर घरात असला की घरातल्या वस्तूंचं काही खरं नसतं. पहिल्या आठवड्यात काकूंचा स्टोव्ह उघडला गेला. दुसऱ्या आठवड्यात शेजारचा रेडिओ. भोंगा काही वाजला नाही, आणि तात्यांचं उघडणंही आजतागायत थांबलेलं नाही.

त्यांचं तत्त्व साधं आहे. कंपनी बाजारात आणते तो कच्चा खर्डा. वस्तू पुरी करायची ती घेणाऱ्याने. त्यांच्या घरात मिक्सरच्या मोटारीवर मोरीचा पंखा फिरतो. शिवणयंत्राच्या पायट्यावर सुऱ्यांना धार लागते. आणि मंडळाच्या देखाव्यात त्यांनी गाडीच्या वायपरच्या मोटारीवर मारुती उडवला होता, तो अख्ख्या लालबागेत गाजला. द्रोणागिरी हातावर घेऊन मारुती सरसर वर गेला, टाळ्या पडल्या. खाली मात्र येईना. दहा दिवस तो मंडपाच्या छताला चिकटून होता. “खाली आणायचं ठरलंच नव्हतं,” असं तात्यांचं स्पष्टीकरण. “पुराणात बघा, पर्वत घेऊन तो लंकेला गेला. परत ठेवायला गेला का?” अनंत चतुर्दशीला त्याला शिडी लावून उतरवला.

तर अशा तात्यांच्या पुतण्याने छोटा हत्ती घेतला.

छोटा हत्ती म्हणजे टाटांचा एस टेम्पो. २००५ साली तो आला आणि मुंबईच्या बोळाबोळांत शिरला, कारण त्याच्या आकाराचे बोळ आधीपासून होतेच. ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, पाऊण टन माल. पुतण्याचा धंदा राबिटचा. परळ-लालबागच्या जुन्या खोल्यांत बारा महिने कोणी ना कोणी मोरी फोडत असतं, ओटा फिरवत असतं. ते फुटलेलं विटा-सिमेंट, म्हणजे महापालिकेच्या भाषेत डेब्रिज, उचलून न्यायचं. भरायला दोन माणसं, उतरवायला तीच दोन माणसं, फावडी आणि घमेली. संध्याकाळी पुतण्या तात्यांकडे चहाला आला आणि दोन माणसांची हजेरी परवडत नाही एवढंच बोलला. एवढंच बोलायला नको होतं.

“उतरवायला माणसं कशाला?” तात्या म्हणाले. “हौदा उचल.”

गावाकडे, साताऱ्याला, चुलतभावाच्या ट्रॅक्टरला डंपिंगची ट्रॉली आहे. दांडा ओढला की ट्रॉली मागे कलते आणि ब्रासभर वाळू भसाभस खाली. हे तात्यांनी मे महिन्यात पाहिलं होतं आणि तेव्हापासून ते त्यांच्या मनात घोळत होतं. टेम्पो फक्त निमित्ताला कमी होता.

“पण तात्या, आरटीओ?” पुतण्या चाचरत म्हणाला. “गाडीच्या बॉडीत असा बदल चालत नाही. १९८८चा मोटार वाहन कायदा, कलम ५२. ताडदेवला पासिंगला गाडी नेली की तिथेच ठेवून घेतील.”

“कलम ५२,” तात्या चहा बशीत ओतत म्हणाले, “पत्त्यांतसुद्धा ५२च असतात. डाव खेळणाऱ्यावर असतो.”

मग त्यांनी शास्त्र समजावून सांगितलं. काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांच्या हाताखालचं पोळपाट तात्यांनी काढून घेतलं, वर कणकेचा गोळा ठेवला आणि कडेला एक बोट लावून उचललं. “हा हौदा. ही मागची कड, इथे बिजागरी. पुढून उचललं तर बोटाने उचलतं. पण पुढे उभा जॅक बसवायला हौद्याखाली जागा कुठाय? वीतभर नाही. म्हणजे जॅक झोपवावा लागणार. आणि झोपलेला जॅक वर कमी ढकलतो, पुढे जास्त. उभा असता तर एक टन पुरला असता, झोपलाय म्हणून पाच टनांचा जोर हवा. पहिली चार बोटं उचलली की पुढे पाणी.” पोळपाट ३० अंशांवर गेलं, ४०वर गेलं, गोळा हलेना. “हे ओलं राबिट,” तात्या म्हणाले. मग त्यांनी पिठाची चिमूट भुरभुरली, पोळपाट आणखी कलतं केलं, आणि गोळा काकूंच्या पायावर जाऊन पडला. “४५. पंचेचाळीस अंश पायजेत.” काकूंनी काही न बोलता गोळा उचलला. लग्नाला चाळीसवर वर्षं झाली की बाई मोजकंच बोलते.

पुढचे तीन आठवडे तात्या तरुण झाले. सकाळी रे रोडला दारूखान्यात, तिथल्या भंगाराच्या ढिगांतून एका क्रेनचा जुना सिलिंडर त्यांनी शोधून काढला आणि वजनावर आणला. दुपारी नागदेवी स्ट्रीटवर ऑइल सीलसाठी. तिथल्या शेठने सीलचा नंबर विचारला तेव्हा तात्यांनी कानशीने घासलेला अंगठा पुढे केला, “इससे दो सूत बड़ा.” शेठने बरोबर तोच सील काढून दिला. मी स्वतः पाहिलं. हिशेब असा की चार सूत म्हणजे अर्धा इंच. गिरण्यांतलं सूत संपलं तरी तात्यांच्या बोटांतलं हे सूत शाबूत आहे. विजेचा पंप त्यांनी साफ नाकारला. हाताचा पंप, हापशीसारखा. “मोटार जळते. पुतण्या जळत नाही.”

खरी भानगड झाली बिजागऱ्यांपाशी. दोन बिजागऱ्या, चासीच्या मागच्या टोकाला, एक डावीकडे, एक उजवीकडे. डावी जोडून झाली आणि उजवीला वेल्डिंगची कांडी लावली तोच चाळीचा मुख्य फ्यूज उडाला, कारण केबल सरळ मीटरच्या पेटीतून घेतली होती. तेव्हा तिसऱ्या मजल्यावर मालिकेतल्या लग्नात अक्षता पडत होत्या. त्यानंतर जो आरडाओरडा झाला त्यात वेल्डर यंत्र घेऊन निघून गेला तो चार दिवस फिरकला नाही. चौथ्या दिवशी दुसरा वेल्डर आला, रात्री साडेनऊला, स्वतःचा जनरेटर घेऊन. गाडीखाली काळोख. “बॅटरी आण रे!”

मी आडवा झालो. तात्या दोरी ताणून रेघ बघत होते. “इकडे धर. इकडे. माझ्या तोंडावर नको, रेघेवर धर.” माझ्या मानेवर डास बसला. मी एक क्षणभर, फक्त एक क्षणभर, बॅटरीचा हात बदलला. ठिणग्या उडाल्या आणि उजवी बिजागरी कायमची बसली.

रविवारी चाचणी. चाळीमागच्या मोकळ्या जागेत, जिथे मंडप पडतो तिथेच. गॅलऱ्या भरल्या. टेम्पोत पाऊण टन राबिट. पुतण्याला वाटलं आपण पंप मारायचा, पण तात्यांनी त्याला ब्रेकवर पाय ठेवून केबिनमध्ये बसवलं आणि दांडा स्वतः घेतला. दहा हापशे, काही नाही. वीस. पंचविसाव्याला लोखंड कण्हलं आणि हौद्याची पुढची कड बोटभर वर आली. गॅलरीतून शिट्टी पडली. तात्या घामाने निथळत होते. एवढे खूष मी त्यांना नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं. हौदा चढत गेला. राबिट सरकलं, खरखरत मागे आलं आणि मागच्या फाळक्यावर जाऊन थांबलं.

फाळक्याची कडी काढायची राहिली होती.

सगळं वजन मागच्या चाकांच्याही मागे. छोटा हत्ती क्षणभर विचारात पडल्यासारखा वाटला, मग त्याची पुढची दोन्ही चाकं सावकाश जमिनीवरून उठली. सर्कशीतला हत्ती स्टुलावर उभा राहतो तसा तो उभा राहिला, आणि काचेमागे पुतण्या, अजून इमानाने ब्रेक दाबून. “गाडी उलाळ झाली!” तात्या ओरडले. बैलगाडी मागे जड होऊन जू आभाळाला लागतं, त्याला गावाकडे म्हणतात तो हा शब्द. गेली ५० वर्षं त्यांनी तो वापरला नसेल. मग त्यांनीच धावत जाऊन हातोडीने कडी उडवली. राबिट कोसळलं, थेट मंडळाच्या सेक्रेटरींच्या स्कूटरवर. पुढची चाकं धाडकन खाली आली. पुतण्या उतरला आणि काही न बोलता नळावर जाऊन तोंड धुऊन आला.

“रिकामा झाला की नाही?” तात्या म्हणाले. “दोन मिनिटांत. एक घमेलं लागलं?”

आणि त्यांनी उतरवायचा वॉल्व्ह सैल केला. हौदा स्वतःच्या वजनाने खाली यायला हवा होता. तो आला नाही. तात्यांनी दांडा हलवला, लाथ मारली, चाळीतली चार पोरं वर चढवून नाचवली. हौदा ४५ अंशांत तसाच. शेवटी ते गाडीखाली गेले, दोरी लावली आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. दोन्ही बिजागऱ्या एका रेषेत नव्हत्या. चढताना पाच टनांच्या जोराने निभावलं, उतरताना आवळून धरलं.

“तीन सूत,” खालून आवाज आला. “बॅटरी नीट धरली असतीस तर.”

आज दहावा दिवस. वेल्डर गॅसकटर घेऊन येतो म्हणालाय, येत नाही. पुतण्या भाड्याचा टेम्पो चालवतो. पोरांनी हौद्यावर पाणी टाकून घसरगुंडी केली आहे, आणि एकही पोरगं मध्ये अडकत नाही, याकडे तात्या येणाऱ्याजाणाऱ्याचं लक्ष वेधतात. काल सेक्रेटरी आले, स्कूटरचं बिल घेऊन. मंडपाचा पहिला वासा परवा रोवायचा आहे, आणि तो जिथे रोवायचा नेमका तिथेच टेम्पो. तात्यांनी बिल घडी घालून खिशात ठेवलं, आभाळाकडे तोंड केलेल्या हौद्याकडे एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून पाहिलं.

“यंदा देखावा काय ठरलाय तुमचा?” त्यांनी विचारलं.