उमरीच्या बँकेतले आजोबा

शाळेच्या निबंधातले आजोबा गाईडमध्ये जन्माला येतात. ते पहाटे उठून फिरायला जातात, परत येऊन वर्तमानपत्र वाचतात आणि संध्याकाळी नातवंडांना जवळ घेऊन पंचतंत्र सांगतात. नांदेडच्या नायगाव तालुक्यातल्या एका खेड्यात मी सातवीला मराठी आणि इतिहास शिकवतो. 'माझे आजोबा' हा निबंध दिला की वर्गातल्या झाडून सगळ्या वह्यांतून तोच एक म्हातारा माझ्याकडे बघून हसतो. आता आमच्याकडेही आजोबा पहाटे बाहेर पडतात. पण त्यांच्या हातात टमरेल असतं आणि ते फिरायला निघालेत असं कुणी म्हणत नाही. तरी मी मुकाट्यानं 'छान. अक्षर सुधारा.' असा लाल शेरा मारायचो. पोरं माझ्यासाठी लिहायची, मी साहेबांसाठी तपासायचो. वाचत कुणीच नव्हतं.

मग 2015 साल उजाडलं. त्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि शिक्षकांत दोन तट पडले: एक तंत्रस्नेही आणि दुसरे उरलेले. ठाणे जिल्ह्यातल्या पष्टेपाड्याच्या डिजिटल शाळेचे दाखले आम्हाला उठता-बसता ऐकावे लागले. तिकडे सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीला रणजितसिंह डिसले पुस्तकांना क्यूआर कोड जोडत होते. (पुढे 2020 मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना देऊन टाकली. आमच्या स्टाफरूममध्ये बातमीच्या पूर्वार्धाला टाळ्या पडल्या. उत्तरार्धाला कुणीतरी 'निम्मी?' एवढंच विचारलं.)

त्या लाटेत ज्याला त्याला ब्लॉग काढायचा होता. गुरुजींचे ब्लॉग मी बरेच पाहिले. वर सरकती पट्टी, मध्ये फडकता तिरंगा, कोपऱ्यात 'आपण अमुकाव्या क्रमांकाचे वाचक आहात'. आत काय, तर बदल्यांचे शासन निर्णय, वेतन आयोगाचा तक्ता आणि आयकराचा हिशेब आपोआप करणारी शीट. मुलांनी लिहिलेली ओळ शोधायची तर आधी चष्मा शोधावा लागायचा. तरी एका प्रशिक्षणात आलेला तरुण साधनव्यक्ती पोटतिडकीनं बोलला. वर्गाचा मिळून ब्लॉग असावा, एकानं लिहावं, बाकीच्यांनी खाली प्रश्न विचारावेत, दुरुस्त्या कराव्यात, म्हणजे पोरं एकमेकांकडून शिकतात. कल्पना मला पटली. अडचण एकच होती. आमच्या शाळेतला संगणक फुलाफुलांच्या चादरीखाली निजलेला होता, बिल थकल्यामुळं वीज तोडलेली होती आणि मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर यायची. सातवीचा वर्ग टाकीवर चढवून ब्लॉग लिहून घ्यायची माझी तयारी होती. मुख्याध्यापकांची नव्हती.

शेवटी बाजाराच्या दिवशी नायगावला जाऊन खाकी कागदाचे मोठे ताव आणले आणि वर्गाच्या मागच्या भिंतीला खळीनं चिकटवले. वर एकानं लिहायचं, खाली बाकीच्यांनी. त्याला वीज कशाला लागते? आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "ह्यात नवं काय हाय? साने गुरुजी अमळनेरच्या वसतिगृहात पोरांसाठी रोज हातानं दैनिक लिहून काढायचे." खरंच आहे. प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहातलं ते 'छात्रालय' दैनिक, आणि पुढं 1928 मध्ये छापील 'विद्यार्थी' मासिक. जवळपास त्याच काळात, 1924 मध्ये, फ्रान्समधल्या एका खेड्यात सेलेस्तँ फ्रेने नावाच्या मास्तरनं वर्गातच छापखाना मांडला. पोरांनी आपलं लिखाण स्वतः जुळवायचं, छापायचं आणि दूरच्या शाळेला पाठवायचं. अमळनेरच्या मास्तरला फ्रान्सच्या मास्तराचा पत्ता ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. पोरांना वाचक हवा असतो, हे दोघांना आपापल्या गावात बसून कळलं.

पहिल्या आठवड्यात आमच्या भिंतीवर 'छान', 'खूप छान', 'अतिशय छान' एवढंच उगवलं. 'छान' शब्दावर मी बंदी घातली. दुसऱ्या दिवशी 'बरं आहे' सुरू झालं. मग नियम केला की खाली लिहायचं तर प्रश्न तरी विचारायचा, नाहीतर भर तरी घालायची. त्यानंतर अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या आधी की नंतर यावर जे रण माजलं, त्यात दोन आया शाळेत येऊन गेल्या.

सप्टेंबर 2016 मध्ये मी विषय दिला : मुक्तिसंग्राम. देश स्वतंत्र झाल्यावर तेरा महिने आम्ही निजामाकडेच होतो, भारतीय फौजेच्या 'पोलीस ॲक्शन'मुळं 17 सप्टेंबर 1948 ला सुटलो, म्हणून आमच्याकडं झेंडा एकदा जास्त चढतो. पोरांना त्यातला लाडू ठाऊक होता. घरच्या म्हाताऱ्यांना विचारून या, म्हटलं.

कागद दोन दिवसांत भरला. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार यांतला फरक पुस्तकात नव्हता, तो एका आजीनं सांगितला. शंभर कलदाराला एकशे सोळा-सतरा हाली पडायचे हे कळल्यावर गणितात नापास होणाऱ्या एका पोरानं आज्याच्या जुन्या कर्जाचा हिशेब भिंतीवर मांडला आणि सावकारानं फसवलं असा निकालही दिला. एका मुलीनं चारच ओळी लिहिल्या. तिची नानी म्हणाली होती की पोलीस ॲक्शननंतर त्यांच्या घरचे लोक किती तरी दिवस दार लावून बसले, आणि शेजारची एक बाई मागच्या खिडकीतून भाकरी द्यायची. त्या वेळच्या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीनं सर्वांत जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत नांदेडचं नाव घेतलं होतं, हे मला वाचून माहीत होतं. वर्गात कधी बोललो नव्हतो. त्या चार ओळींखाली बरेच दिवस कुणी काही लिहिलं नाही. मग एकानं लिहिलं, 'ती बाई माझी पणजी असंल का? घरी विचारतो.' दुसऱ्या दिवशी त्याच अक्षरात : 'विचारलं. नव्हती.'

बाकी कागदावर मात्र आजोबांची गर्दी झाली होती. 1948 च्या जानेवारीत स्वातंत्र्यसैनिकांनी शेजारच्या उमरीची बँक लुटली, ही आमच्या भागातली मानाची गोष्ट. पोरांच्या लिखाणावर विश्वास ठेवायचा तर त्या दिवशी आमच्या वर्गातले निम्मे आजोबा बँकेत होते. एवढी माणसं आत शिरल्यावर पैसे बाहेर काढायला जागा कशी उरली, हा इतिहासापेक्षा भूमितीचा प्रश्न झाला असता. मी लाल पेन खिशातच ठेवलं. ते काम दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं केलं. एका आजोबांखाली तिनं नीट वजाबाकी मांडली : 'आता वय 76. तेव्हा वय 8. आठ वर्षांच्या पोराला बँकेत कोण नेतंय?' त्याखाली कुणीतरी भर घातली, 'खातं उघडायला गेले असतील.'

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते आजोबाच दारात उभे. धोतर, टोपी, हातात काठी. पंचतंत्र सांगणाऱ्यांपैकी वाटत नव्हते.

"मास्तर, माझं वय कोण कमी केलंय?"

मी भिंत दाखवली. मुलगी उठून उभी राहिली, पण हटली नाही. "आधार कार्डावर तसंच हाय, आजोबा."

"आधार कार्ड काय माझ्या बारशाला आलतं?" म्हातारा म्हणाला. मुद्दा बिनतोड होता. आमच्याकडं त्या पिढीचा जन्म घरी व्हायचा आणि जन्मतारीख शाळेत. आणलेल्या पोराकडं बघून गुरुजी अंदाजे साल टाकायचे आणि तारीख एक जून. म्हणून अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. हे पोरांना लगेच पटलं, कारण त्यांनी घरोघरची कार्डं काढून पाहिली होती.

"मग तुमी किती वर्सांचे होते?" मुलीनं पेन्सिल सरसावली.

"चौदा-पंधरा. लिही."

"पुरावा?"

म्हातारा माझ्याकडं बघू लागला. मी खिडकीबाहेर. "तुज्या आज्याला विचार," तो शेवटी म्हणाला, "माज्याहून सहा वर्सांनी ल्हान हाय त्यो."

"माजे आजोबा पण होते बँकेत," मुलगी म्हणाली आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यातला स्वतःचा मजकूर तिनं दाखवला. त्याखाली वजाबाकी नव्हती.

म्हाताऱ्यानं नातवाकडून तो मजकूर मोठ्यानं वाचून घेतला, दोनदा. मग काठी भिंतीला टेकवली, माझ्या खिशातलं लाल पेन काढलं आणि नातवाच्या हातात दिलं.

"लिही," तो म्हणाला, "त्यो तवा नागडा फिरायचा."