सैनिक रात्रभर भिजत घालावा

ही कृती एका पुतळ्यासाठी आहे. पुतळे जास्त असल्यास बरणी मोठी घ्यावी, भिजवण्याचा वेळ तोच राहतो.

पुतळा प्लास्टिकचा हवा, उंचीने बोटाच्या पेराहून थोडा मोठा, आणि तुम्ही स्वतः रंगवलेला. रंगवून झाल्यावर त्याचे डोळे, चिलखतावरचे खिळे आणि पट्ट्याचं बक्कल एकाच जाड थराखाली गडप झालं असेल, आणि घरातल्या कुणीतरी निरागसपणे “हा मारुती का?” असं विचारलं असेल, तर हे मार्गदर्शन तुमच्यासाठीच आहे.

असे बरेचसे पुतळे इंग्लंडचे. गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ मध्ये लंडनमध्ये निघाली, आता तिचा कारभार नॉटिंगहॅममधून चालतो. १९८३ मध्ये तिने ‘वॉरहॅमर’ हा युद्धखेळ काढला आणि १९८७ मध्ये त्याचा अंतराळातला धाकटा भाऊ. तेव्हापासून चांगली कमावती माणसं जेवणाच्या टेबलावर बोटभर सैन्यं लढवत आली आहेत. पुतळा डब्यात येतो तो करड्या रंगाचा, आणि हात, पाय, डोकं सगळं सुटं, एका चौकटीला लटकलेलं. कापायचा तुम्ही, चिकटवायचा तुम्ही, रंगवायचा तुम्ही. एवढं काम गिऱ्हाइकाकडून करून घेऊन वर त्याच्याकडूनच पैसे घेणाऱ्या धंद्याला आमचा दंडवत. त्या चौकटीला शौकीन लोक ‘स्प्रू’ म्हणतात. ती फेकली असेल तर कचऱ्याच्या डब्यातून परत काढावी, पुढे लागणार आहे.

साहित्य

घट्ट झाकणाची काचेची बरणी, जी यानंतर लोणच्यासाठी मागितली जाणार नाही अशी. मऊ, जुना टूथब्रश. जुना म्हणजे ज्याचा मालक आता तो वापरत नाही असा, आणि ही खात्री मालकाकडून तोंडी करून घ्यावी. नायट्राइलचे हातमोजे. चष्मा, कारण ब्रशचे केस जे थेंब उडवतात ते नेमके डोळ्यांकडेच येतात. टूथपिक. गाळणी, पण चहाची नव्हे. उघडी खिडकी. आणि रंग उतरवणारा द्रव, ज्याच्यावरून या छंदातल्या माणसांची आयुष्यभराची मैत्री तुटू शकते.

जे वापरायचं नाही ते

नवशिक्याचा हात सगळ्यात आधी ताईच्या नेलपॉलिश रिमूव्हरकडे जातो. विचार तर्काला धरून आहे. नखावरचा रंग निघतो, तर सैनिकावरचा का निघू नये? निघतो. सैनिकासकट निघतो.

बऱ्याच रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोन असतं, आणि हे पुतळे पॉलिस्टायरीनचे असतात. पॉलिस्टायरीन तुमच्या चांगल्या ओळखीचं आहे. तेच फुगवलं की थर्माकोल होतो. महाराष्ट्रात २०१८ ची बंदी येण्याआधी ज्यांनी गणपतीची मखरं थर्माकोलची कापली, त्यांना पुढचं सांगायला नको. रात्री दोन वाजता घाईघाईने खांबांवर सोनेरी स्प्रे मारायचा, आणि खांबांना डोळ्यांदेखत खड्डे पडताना बघायचं. स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं, म्हणून मंडळातले जाणते लोक फेविकॉल आणि पाण्यात कालवायचे रंग सोडून दुसरं काही जवळ येऊ देत नसत. तुमचा सैनिक त्याच वंशाचा आहे. तो भरीव आहे, चिवटपणासाठी त्यात थोडं रबर मिसळलेलं असतं, त्यामुळे तो जरा सावकाश विरघळतो, इतकंच. आधी चकाकतो, मग चिकट होतो, आणि मग तुमच्या अंगठ्याचा ठसा छातीवर कायमचा मिरवतो. थिनर आणि पेट्रोल याच रांगेत. उकळतं पाणीही नको. रंग जागच्या जागी राहतो आणि तलवार वाकते.

खरी गोम अशी की रंगसुद्धा प्लास्टिकच आहे. बाटलीतला अ‍ॅक्रिलिक रंग म्हणजे पाण्यात विखुरलेले प्लास्टिकचे बारीक कण. पाणी उडून गेलं की ते एकमेकांना चिकटून त्यांचा सलग पापुद्रा होतो, आणि मग पाणी त्याचं काही वाकडं करू शकत नाही. थोडक्यात, तुम्हाला प्लास्टिकवरून प्लास्टिक काढायचंय. जो द्रव चुटकीसरशी काम करतो तो या दोघांत आपला-परका बघत नाही. बघणारे द्रव आळशी असतात. या विद्येत आळशी द्रवालाच मान आहे.

परदेशातले जुने खेळगडी ब्रेक ऑइल वापरत, काही जण ओव्हन साफ करायचा कॉस्टिकचा फवारा. पहिलं विषारी आहे आणि कातडीतून अंगात जातं, दुसरं कातडी आणि डोळे भाजतं. दोन्हींनी रंग निघतो हे खरं, पण एका सैनिकापायी एवढं करू नये असं आमचं मत आहे. दोन वेगवेगळे क्लीनर एकत्र केले तर दुप्पट जोर येईल, अशी कल्पना सुचल्यास ती जाईपर्यंत गॅलरीत उभं राहावं.

आळशी द्रव दोन

पहिला आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए. मोबाईल दुरुस्त करणारे सर्किट बोर्ड पुसायला हेच वापरतात. बाटलीवर ९० टक्के किंवा त्याहून जास्त लिहिलेलं हवं. कपाटात उरलेल्या सॅनिटायझरच्या जेलवर भागवू नये, त्यात बुडवलेला सैनिक फक्त निर्जंतुक होतो. आयपीएची वाफ सुमारे १२ अंश सेल्सिअसपासून पेट घेऊ शकते, म्हणजे निफाडमधली थंडीची एखादी पहाट सोडली तर आपल्याकडे बारा महिने. ती हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते. गॅसची शेगडी, समई, उदबत्ती आणि विडी ओढणारे काका या सगळ्यांपासून बरणी लांब ठेवावी, शक्यतो दुसऱ्या खोलीत.

दुसरा द्रव डेटॉल. ब्रिटनमधल्या शौकिनांची ही जुनी परंपरा, आणि आपल्याला सोयीची, कारण बाटली घरात असतेच. लेबलावर ४.८ टक्के क्लोरोझायलेनॉल दिसेल. ते जंतूंसाठी. आपल्याला रस आहे तो खालच्या ओळीतल्या टर्पिनिऑल आणि अल्कोहोलमध्ये. डेटॉल वापरायचं ते पाणी न घालता, जसंच्या तसं. आणि इथेच नवशिके धारातीर्थी पडतात. आंघोळीच्या बादलीत झाकणभर डेटॉल टाकलं की पाणी पांढरं होतं, कारण त्यातलं तेल बारीक थेंबांच्या रूपात बाहेर येतं. सैल झालेल्या रंगावर पाणी पडलं की असंच काहीसं होतं, फक्त त्यात रंग असतो. सगळ्याचा चिकट लगदा होऊन तो पुतळ्याच्या काखेत, दाढीत जाऊन बसतो, आणि ब्रशलाही सोडत नाही. म्हणून डेटॉलमध्ये भिजलेला पुतळा डेटॉलमध्येच घासावा, डेटॉलमध्येच खंगाळावा, आणि रंग पूर्ण गेल्यावरच त्याला भांडी घासायचा साबण आणि पाणी दाखवावं. घरभर दवाखान्याचा वास सुटेल, शेजारी विचारपूस करायला येतील. घरात मांजर असल्यास हा मार्ग सोडून द्यावा, हे द्रव्य मांजरांना विषारी आहे.

कृती

आधी स्प्रूचा तुकडा द्रवात टाकून रात्रभर ठेवावा. सकाळी तो मऊ किंवा चिकट लागला नाही तर सैनिकाला हरकत नाही. ही परीक्षा कुणीच करत नाही, आणि सगळेच इतरांना करायला सांगतात. पुतळा थ्रीडी प्रिंटरवर काढलेला रेझिनचा असेल तर विशेष जपावं. असे पुतळे आयपीएने धुतात ते थोडा वेळच, फार काळ बुडवून ठेवल्यास त्यांना तडे जाऊ शकतात.

मग पुतळा पूर्ण बुडेल इतका द्रव बरणीत घेऊन झाकण लावावं, आणि काहीही करू नये. ही पायरी सगळ्यात अवघड आहे. मटकी भिजत घातल्यावर दर अर्ध्या तासाने कपडा उचलून मोड आले का ते कुणी बघत नाही. सैनिकाच्या बाबतीत मात्र बघितलं जातं. अ‍ॅक्रिलिकला काही तासांपासून एक रात्र लागते. जुने तेलकट एनॅमल रंग हवेतल्या ऑक्सिजनने पक्के झालेले असतात, ते जास्त हट्टी.

रंग सुरकुतलेला दिसला की हातमोजे चढवून ब्रशने हलक्या हाताने, गोल गोल घासावं. खाचांसाठी टूथपिक. सुई नको, सुईने केलेली जखम नव्या रंगातूनही दिसते. घासताना हात गळून पडला (सैनिकाचा) तर घाबरू नये. सुपरग्लूने चिकटवलेले सांधे भिजल्यावर बरेचदा सुटतात. प्लास्टिकच्या खास गमाने जोडलेले सुटत नाहीत, कारण तो गम प्लास्टिक विरघळवूनच दोन भाग एकजीव करतो. म्हणजे जे सॉल्व्हंट इतका वेळ शत्रू होतं त्यानेच हात जोडलेला असतो. गळालेले अवयव सिंकच्या जाळीतून जाऊ नयेत म्हणून ती गाळणी.

खाचांत थोडा रंग राहिला, किंवा प्लास्टिकवर लालसर झाक उरली, तर सोडून द्यावं. नवा प्राइमर ती झाकतो. कोरा करकरीत पुतळा मिळेपर्यंत घासत बसणाऱ्यांचा शेवटी नाकाचा शेंडा जातो.

बरणीतला गाळ बेसिनमध्ये ओतू नये. आयपीए असेल तर दोन दिवस न हलवता ठेवावं, गाळ खाली बसतो, वरचा नितळ द्रव पुढच्या सैनिकासाठी परत वापरता येतो. त्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहावं, पाण्याच्या बाटलीत तर मुळीच भरू नये. उरलेला गाळ कागदावर, मोकळ्या हवेत वाळवून घरगुती घातक कचऱ्यात द्यावा. २०१६ च्या घनकचरा नियमांत तो प्रकार वेगळा धरला होता; तुमच्या सोसायटीत धरला आहे का, हे सेक्रेटरींना विचारावं आणि त्यांचा चेहरा बघावा.

शंका

रंगाचा थर पुन्हा जाड झाला तर? – रंग पाण्याने पातळ करून दोन थर द्यावेत, पहिला वाळू द्यावा. हे बाटलीवर लिहिलेलं असतं. न वाचल्यास वरील कृती पहिल्यापासून.

मित्राने सेकंडहँड विकलेल्या सैन्यावर कुठला रंग आहे हे कसं ओळखावं? – कापसाच्या बोळ्याला आयपीए लावून तळव्याखाली, न दिसणाऱ्या जागी घासावं. रंग बोळ्यावर आला तर बहुधा अ‍ॅक्रिलिक. पुतळा हातात जड लागला तर तो धातूचा, आणि जुन्या धातूत शिसं असू शकतं. घासून झाल्यावर हात धुवावेत आणि मगच पोह्यांना लावावेत.

या सगळ्या खटाटोपापेक्षा नवा पुतळा घेणं स्वस्त पडणार नाही का? – कधीकधी पडतं. हा प्रश्न घरच्यांसमोर विचारू नये.