मलिक अंबर व्हाया कुर्ला

आमच्या बदलापूरच्या खरवईत दुसऱ्याच्या मुलांचं करिअर ठरवायला ओळख लागत नाही. बारावीचा निकाल लागला की शेअर रिक्षातला अनोळखी माणूसही मांडीवरची मेथी सावरत इंजिनीअरिंगची बाजू मांडतो. त्यात एमआयडीसी उशाला, त्यामुळे केमिकलला विशेष मान. नोकरी चालत जाण्याच्या अंतरावर, वास घरपोच.

अशा गावात पुतणीनं जाहीर केलं, "मी आफ्रिकन आणि आफ्रिकन-अमेरिकन स्टडीज करणार."

वहिनींनी गॅस बारीक केला. दादानं विचारलं, "फी किती?" शेजारचे अण्णा पेपर मागायला आले होते, ते बसलेच. "म्हणजे जंगल सफारीचं का?"

पुतणीची वही तयार होती. हार्वर्डला हा विभाग १९६९पासून आहे, हे वाक्य दादानं पुरतं होऊच दिलं नाही. दिल्ली विद्यापीठात आफ्रिकन अभ्यास १९५५पासून. पण दिल्लीचा उन्हाळा वहिनींना मान्य नव्हता. मुंबई विद्यापीठाचं आफ्रिकन अभ्यास केंद्र १९७१पासून कलिन्याला आहे आणि तिथे एम.ए. करता येतं. म्हणून आधी इतिहास घेऊन बी.ए., मग कलिना.

"कुर्ल्याला उतरायचं ना? मग ठीक," दादा म्हणाला. बदलापूरकर बाप आधी गाडी बघतो, मग विषय.

"पण नोकरी?" अण्णांनी हुकमाचं पान टाकलं.

पुतणीनं मलिक अंबरचा बायोडेटाच वाचून दाखवला. जन्म इथिओपियातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला. इथे त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीजखान, तोही हबशीच. पुढे अंबर स्वतः निजामशाहीचा वजीर झाला, खडकी वसवली, तिला नहरीनं पाणी आणलं. तीच खडकी पुढे औरंगाबाद. १६२४मध्ये भातवडीला मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा त्यानं लोळवल्या. शहाजीराजे त्याच्याच बाजूनं लढले.

"प्लेसमेंट बरी दिसते," अण्णा पुटपुटले.

मग तिनं मोबाइलवर एक चित्र दाखवलं. जहांगीर बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतोय. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून गोलाखालचा बैल पाहिला, बैलाखालचा मासा पाहिला. "मारलं का मग शेवटी?"

"छे! चित्र काढलं तेव्हा अंबर धडधाकट होता. वारला १६२६मध्ये, म्हातारा होऊन."

"म्हणजे बादशहानं नुसतं स्टेटस ठेवलं होतं!"

अमेरिकेचा पेपर वहिनींनी सोडवून घेतला. तिकडच्या काळ्या लोकांशी आपला काय संबंध, असं त्यांनी विचारलं. पुतणी म्हणाली, "असं नको गं विचारू. जोतीरावांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अर्पणच केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकनांना. १९४६मध्ये बाबासाहेबांनी तिकडच्याच काळ्या विचारवंताला, ड्यू बॉइसना, पत्र लिहिलं. तिकडच्या ब्लॅक पँथरवरून १९७२मध्ये आपल्या मुंबईत दलित पँथर निघाली."

"फुल्यांचं आहे होय! मग सफारीपर्यंत जाऊच कशाला दिलंस?" वहिनींनी गॅस मोठा केला.

दादानं शेवटची अट घातली. बी.ए. करायचं, पण सोबत टॅलीचा कोर्स.

"चालेल," पुतणी म्हणाली. "अंबरची महसुलाची घडी अजून नावाजतात. हिशेब त्यालाही येत होता."

दादानं टॅलीची फी विचारली.