मालदांडीच ना ही?

अहो, ऐकलंत का? समोरच्या कृषी विद्यापीठातल्या सरांकडे परवा काय झालं ते? नाही? अगंबाई! या जरा कुंपणाशी. हळू बोला हं, त्यांची खिडकी उघडीच असते.

वहिनींचे मावसभाऊ आले होते जेवायला. सरांनी मुद्दाम स्वतःच्या वाणाची ज्वारी दळून आणलेली. हो, तीच, जिच्यापायी आठ-दहा वर्षं डिसेंबरात रानात उभे राहिले. रब्बीचा फुलोरा तेव्हाच ना! दुपारी चिमट्यानं एकेका फुलातले पुंकेसर काढायचे, कणसाला कागदी पिशवी बांधायची, आणि सकाळी दुसऱ्या झाडाचे परागकण आणून टाकायचे. वहिनी म्हणतात, "पोराला कानटोपी मी घालायचे, हे कणसांना!" तर काय सांगत होते... हां, पाहुण्यांनी भाकरी मोडली, पिठल्याला लावली आणि म्हणाले, "वा! मालदांडीच ना ही?"

सरांचा चेहरा असा काही पडला म्हणता! अहो, मोहोळची मालदांडी आपल्या आज्जीच्या काळातली. नंतर राहुरीची वसुधा आली, रेवती आली, परभणीची मोती आली. लोकांच्या तोंडी आपली मालदांडीच. दापोलीवाल्यांचंही तेच. नीलम आणि हापूसचा संकर करून रत्ना आंबा काढला, ना साका ना रेषा, 1981 पासून आहे. गिऱ्हाईक तरी विचारतं काय? "हापूस आहे का?"

नोकरीचं विचारलंत तर सर अर्धा तास रडगाणं गातात. शिक्षण, संशोधन, विस्तार ही तीन कामं ऑर्डरमध्ये. चौथी कारकुनी, ती कुणी लिहिलीच नाही. जागा भरत नाहीत, मग दोघांचं एकट्यानं ओढायचं. प्रमोशनला पेपर किती, जर्नलचं नास रेटिंग किती... वर्गात जावं तर मागच्या बाकांवर एमपीएससीची पुस्तकं उघडी. आणि मेळाव्यात कुणीतरी उठून म्हणणारच, "साहेब, बियाण्याचं राहू द्या, भावाचं बोला!" आता भावावर ब्रीडरनं काय बोलावं हो?

पण गंमत ऐका. अवकाळी पाऊस आला तेव्हा हेच सर रात्री बॅटरी घेऊन प्लॉटवर. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही! आणि मध्ये एका शेतकऱ्याचा फोन आला, म्हणे दाणा टपोरा आहे, कडबाही जनावरं आवडीनं खातात. सरांनी फोन स्पीकरवर टाकला आणि स्वयंपाकघरात येऊन उभे! "काय म्हणालात? कडब्याचं काय?" असं करत तीनदा वदवून घेतलं त्याच्याकडून. वहिनींची फोडणी करपली, ती वेगळीच.

बरं, पुढचं तर सांगायचंच राहिलं. त्या मावसभावांचा मुलगा होता बरोबर, बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला. त्यानं विचारलं, "काका, नेट देऊन प्राध्यापक होऊ का?" सर तडकलेच! "अजिबात नको. बँकेच्या परीक्षा दे, सुखी होशील." वहिनी मान डोलावतायत, मुलाचे वडील खूश... आणि ताक पिता पिता सर हळूच त्याला म्हणतात कसे, "पण एमएस्सीला ब्रीडिंगच घे हं. उद्या सकाळी लवकर ऊठ, प्लॉट दाखवतो."