दोन बॅटऱ्या एकदम बसवण्याची सोपी पद्धत

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. कंपनीने त्या नीट जोडून दिलेल्या असतात, हीच पहिली अडचण. नवशिक्या वायरमनने पुढच्या पायऱ्या क्रमाने पाळाव्यात. अडचण दूर होईल.

पायरी १ : सिरीज समजून घ्या. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला लावला की १२ आणि १२ मिळून २४ व्होल्ट होतात, अँपिअर-अवर मात्र तेवढेच राहतात. प्लसला प्लस आणि मायनसला मायनस लावला की पॅरलल : व्होल्ट १२च, अँपिअर-अवर दुप्पट. एवढं पाठ करा आणि विसरून जा.

पायरी २ : जोडी जमवा. एकच बॅटरी गेली असेल तर एकच नवी आणा, शेठ खूश. १००च्या शेजारी १३० अँपिअर-अवरची चालेल का, असं कुणी विचारलं तर ‘खोक्यात बसतेय ना?’ म्हणा. सिरीजमध्ये दोघींतून करंट सारखाच वाहतो, त्यामुळे सेल्फ मारताना कमजोर बॅटरी आधी मान टाकते आणि नवीचा जोर वाया जातो.

पायरी ३ : टेप जोडा. हा या विद्येचा गाभा. टेप १२ व्होल्टचा, गाडी २४ची. कन्व्हर्टरला पैसे पडतात, वायरचा तुकडा पडलेलाच असतो. दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून तो काढा, टेपचा मायनस चासीला द्या. गाणं लगेच वाजतं. ड्रायव्हर चहा पाजतो.

पायरी ४ : आता थांबू नका. त्याच वायरवर मोबाइलचा चार्जर, केबिनचा पंखा आणि देवासमोरची रंगीत माळ द्या. फ्यूज टाळा, तो उडतो.

पायरी ५ : वाट पाहा. डायनामो हा पंगतीतला असा वाढपी आहे, की दोन पानांत मिळून किती पडलं एवढंच बघतो. एकूण २८ व्होल्ट झाले की त्याचं काम झालं. वाटणी १४-१४ झाली की १३-१५, याची त्याला फिकीर नाही. टेपवाली १३वर उपाशी राहते, तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं. दुसरीला १५वर अजीर्ण होतं : पाणी आटतं, हायड्रोजन सुटतो, टोपणांभोवती ॲसिड ओलावतं. डिस्टिल वॉटर सारखं एकीलाच का लागतं, असं क्लीनर विचारेल. त्याला टायर तपासायला पाठवा.

पायरी ६ : मीटर लावायचाच झाला तर दोन्ही बॅटऱ्यांच्या बाहेरच्या टोकांना लावा. गाडी बंद असताना २५ दिसतील, सगळं आलबेल वाटेल. एकेकीला मीटर लावणारे लोक उगाच भांडणं लावतात : एक १२.९ सांगते, दुसरी १२.१.

पायरी ७ : पहाटे, माल भरलेला असताना, सेल्फ नुसता ‘टक्’ करेल. अभिनंदन. धक्का मारायला माणसं गोळा करा आणि पायरी २कडे वळा.

सूचना : काही हट्टी मालक दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या घेतात आणि एकदमच बदलतात. टेप दोन्ही बॅटऱ्यांवरून २४चे १२ करणाऱ्या कन्व्हर्टरवर चालवतात. मधून वायर काढणं टळतच नसेल तर इक्वलायझर बसवतात. फ्यूज बॅटरीजवळच ठेवतात. बॅटरी सोडवताना अर्थची वायर आधी काढतात आणि जोडताना शेवटी लावतात. अशा गिऱ्हाइकाकडून वायरमनला वर्षाकाठी फक्त दिवाळीच्या शुभेच्छा मिळतात.